म्हाळसाची रेघ

“हात उचलू नकोस, म्हाळू. रेघ सुरू केलीस की टोकाला पोचेपर्यंत हात उचलायचा नाही, श्वास सोडायचा नाही, आणि झाली कशी ते मागे वळून बघायचं नाही. बघितलंस की वाकडी होते.”

आईने हे सांगितलं ते पैठणच्या अंगणात, रांगोळीची चिमूट म्हाळसाच्या बोटांत धरवून. आई जाऊन कितीतरी वर्षं झाली. पण शोरआबच्या ठाण्यावर, जिथे हिंदुस्थान संपतो आणि नुसतं वाळवंट उरतं तिथे, म्हाळसा नकाशावर पट्टी लावी तेव्हा तो आवाज तिच्या कानाशी येऊन बसे. ती हात उचलत नसे. आगगाडीची रेघ कागदावर सरळ उतरे. रेघ जेवढी पुढे सरके, तेवढं बाहेरचं वाळवंट कमी होई, आणि कमी झालेलं अंतर शोरआबात जिथे जागा सापडेल तिथे येऊन पडे.

आधी ते परसात पडलं. दाराशी असलेली तुळशीची कुंडी हाकेच्या अंतरावर गेली. मग ते घरात शिरलं. दोन खोल्या आणि ओसरी, एवढंच मातीचं घर. पण चुलीवरचा भात देवापुढे नेईपर्यंत निवू लागला. म्हाळसा नैवेद्यावर केळीचं पान नाही म्हणून पितळी ताट झाकी आणि चालू लागे. देवघरातला बाळकृष्ण तिला चुलीपासून दिसेनासा झाला, तेव्हा ती अंदाजाने नमस्कार करू लागली. व्रतं करणाऱ्या बाईला चालण्याचं काय, असं ती मनाशी म्हणे. पण देवाला आपण दिसत असू की नाही, हे तिने कधी मनाशीसुद्धा विचारलं नाही.

नकाशे काढण्याची नोकरी तिची नव्हे, तिच्या यजमानांची. नरहरपंतांचं अक्षर आणि रेघ एके काळी पुण्याच्या कचेरीत नावाजलेली. सिंधमध्ये हिवताप आला आणि त्याने त्यांचा उजवा हात नेला. नेला म्हणजे हात जागेवरच होता, पण पाण्यातल्या सावलीसारखा सारखा हलत असे. आगगाडीच्या मोजणीवरच्या मोठ्या साहेबांना हे ठाऊक नव्हतं. पंत त्यांच्यापुढे हात खिशात ठेवून उभे राहत आणि सांगत की, इथल्या हवेत शाई नीट बसत नाही, कागद चुलीच्या उबेला धरावा लागतो. मग कागद घेऊन ते आत येत, आणि म्हाळसा पाटावर बसून रेघ ओढी. पदराने बोटं पुसून ती कागद परत देई. दोघंही एकमेकांकडे बघत नसत.

रूळ अजून विलायतेहून निघाले नव्हते. त्यावर मोठे साहेब म्हणत, “रूळ मागाहून येतात, पंत. आधी रेघ पोचली पाहिजे.”

घाई होती ती रूसच्या बादशहामुळे. कागदाच्या दुसऱ्या कडेने एक जांभळी रेघ रोज आपोआप पुढे सरकत येई. साहेबांच्या पेटीला कुलूप असे, बाहेर शिपाई असे, तरी सकाळी पेटी उघडावी तो जांभळी रेघ आणखी बोटभर आत आलेली. ती खोडता येत नसे. तीही एका दमात ओढलेली असे, कुठेही न थरथरता. दोन्ही रेघांच्या मध्ये एक खिंड होती. जो आधी खिंडीला पोचेल त्याचं वाळवंट.

उंटांच्या तांड्याचा म्होरक्या एकदा तक्रार घेऊन ओसरीवर आला होता.

“साहेब, सकाळी भाकरी बांधून निघालो. गाठोडं सोडायच्या आत तुमचं ठाणं आलं. आता ही भाकरी खायची कुठे?”

“इथेच खा,” साहेब खूश होऊन म्हणाले.

“इथे भूक लागलेली नाही, साहेब. भूक वाटेत लागते.”

साहेब हसले आणि त्यांनी पंतांच्या पाठीवर थाप मारली. भिंतीआड उभ्या म्हाळसाच्या पाठीला ती लागली.

म्हाळसाचं एक जन्माचं व्रत होतं, तेही आईनेच दिलेलं. रोज कुणातरी तहानेल्याला पाणी पाजायचं, त्याआधी आपण थेंब घ्यायचा नाही. पैठणला हे सोपं होतं, घाटावर तहानेल्यांची काय वानवा! शोरआबात मात्र एकच विहीर होती आणि विहिरीवर एकच बाई, ग्रानाज. ती विधवा होती. विहीर तिच्या नवऱ्याच्या आज्याने खणली होती, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी काढून देण्याचं काम आता तिच्याकडे होतं. बकरीच्या केसांचा काळा दोर, कातड्याची बादली, आणि कमरेला अडकवलेला एक लाकडी वाडगा, एवढा तिचा संसार. दोघी मोडक्यातोडक्या हिंदुस्थानीत बोलत.

ग्रानाज विहिरीतून पाणी ओढी आणि म्हाळसाच्या घागरीत वरून धार धरी, म्हणजे बादली घागरीला लागू नये. घागर भरली की म्हाळसा तीच घागर कलती करून ग्रानाजच्या ओंजळीत वरून धार धरी. ग्रानाज पाणी ओढून दमलेलीच असे. ती पिई. झालं म्हाळसाचं व्रत.

“माझी विहीर, माझा दोर, माझंच पाणी,” ग्रानाज तोंड पुसत म्हणे. “आणि पुण्य कुणाचं गं, पंडताणी?”

“माझं,” म्हाळसा खाली बघत म्हणे.

“बरा धंदा आहे. तुझ्या देवाला सांग, मलाही भागीत घे.”

एकदा तिने कमरेचा वाडगा काढून भरला आणि पुढे केला. “आज ह्यातून पी. आमच्यात एक वाडगा पाणी कुणाचं प्यायलं, तर शंभर वर्षं त्याच्याशी इमान राखायचं.”

“शंभर वर्षं कोण जगतं?”

“म्हणून तर शंभर. मेल्यावर सुटका होऊ नये.”

“मी रोज तुझंच पाणी पिते की.”

“तुझ्या घागरीतून पितेस. मी ओंजळीतून पिते. ओंजळ गळते, ती आम्ही धरत नाही.”

म्हाळसाने हात पदराखाली घेतले. “मला नाही गं चालत.”

“कळलं.” ग्रानाजने पाणी बकरीपुढे ओतलं आणि वाडगा परत अडकवला. “विहीर चालते, पाणी चालतं, तहान तर फारच चालते. वाडगा तेवढा चालत नाही.”

ज्या गावच्या एका साधुपुरुषाने काशीहून आणलेली कावड वाळूत तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी रिकामी केली, त्या गावची म्हाळसा. त्या दिवशी घरी जाताना घागर डोक्यावर होती म्हणून बरं, मान वर ठेवावी तरी लागली.

मग अंतर विहिरीत पडू लागलं.

एके सकाळी बादली पाण्याला टेकलीच नाही. ग्रानाजने बकऱ्यांची दावी सोडून दोराला जोडली. दुसऱ्या दिवशी तंबूचे ताण जोडले. बादली सोडावी, बसून राहावं, उठून बकऱ्या वळवून आणाव्या, आणि मग खालून पाण्याचा आवाज यावा, असं होऊ लागलं. वर आलेलं पाणी थकलेलं असे. घागरीत ते हलत नसे.

“विहीर पळते आहे,” ग्रानाज म्हणाली. मग तिची नजर म्हाळसाच्या हातावर गेली. “तुझ्या बोटाला काळं काय?”

“काजळ.”

“काजळ तुम्ही बोटाला लावता?”

म्हाळसाला खोटं बोलणं फारसं जमत नसे. तिने सांगून टाकलं, पट्टीचं, कागदाचं, चुलीच्या उबेचं, सगळं. सांगताना ती विहिरीच्या काठाकडे बघत राहिली.

“म्हणजे माझी विहीर तू नेतेस,” ग्रानाज म्हणाली. “मला वाटलं, राजे लोक नेतात.”

“मी नाही ओढली, तर यांची नोकरी जाईल.”

“आणि ओढलीस तर?”

म्हाळसाने काळं बोट पदराला पुसलं.

“एक दिवस थांबशील?” ग्रानाजने विचारलं. “एकच. विहीर जागेवर उभी राहिली तर मी खाली उतरते. तळाला झरा आहे, तो गाळाने बुजलाय. तो मोकळा केला की पाणी वर चढेल. मग ओढ तुझी रेघ, कुठे न्यायची तिथे ने.”

“उद्या एकादशी आहे. एकादशीला मी पट्टीला हात लावत नाही.”

“शपथ घे.”

“शपथ आम्ही घेत नाही. शब्द देते. तू वर येईपर्यंत रेघ ओढणार नाही.”

“आणि दोर? दोर मला वरून कुणी द्यायचा?”

“दोर मी बघते. कमी पडू देणार नाही.”

ग्रानाजने कमरेचा वाडगा काढून काठावर ठेवला. “हा खाली फुटेल. सांभाळ. वर आले की ह्यातूनच पिईन.” आणि मग, हसून, “वरून धार धरलीस तर वाडगा तुझ्या डोक्यात घालीन.”

एकादशीला ऊन चढायच्या आत ती उतरली. दोर खांबाला बांधताना म्हाळसाने स्वतः गाठ ओढून पाहिली. ग्रानाजचा काळा रुमाल खाली खाली जाऊन दिसेनासा झाला, आणि थोड्याच वेळात खणण्याचा आवाज आला. विहीर उभी होती. म्हाळसाने वाडगा पदरात घेतला आणि ती पूजेला घरी आली. त्या दिवशी देवापर्यंतची वाट तिला लांब वाटली नाही. कितीतरी दिवसांनी तिने बाळकृष्णाचं तोंड पाहिलं. त्याच्या गालावर धूळ होती.

दुपारी मोठे साहेब ओसरीवर आले ते बसलेच नाहीत. जांभळी रेघ खिंडीच्या तोंडाशी येऊन ठेपली होती.

“पंत, आत्ता. इथे, माझ्यापुढे.”

“साहेब, शाई... चुलीची ऊब...”

“मग जा लवकर. मी उभा आहे.”

पंत कागद घेऊन आत आले आणि तो त्यांनी तिच्यापुढे पाटावर पसरला.

“आज एकादशी आहे,” म्हाळसा म्हणाली.

“अगं, साहेब उभे आहेत.”

“इकडून एकवार ऐकावं. विहिरीत बाई उतरली आहे. मी शब्द दिलाय.”

“कुणाला?”

“विहिरीवरच्या बाईला.”

पंतांनी दाराकडे पाहिलं, मग खिशातून उजवा हात बाहेर काढला. तो त्यांनी तिच्या डोळ्यांपुढे धरला. हात हलत होता. हाताभोवतीची हवा हलू लागली, मग फळीवरचे तांबे-पेले किणकिणू लागले. त्यांनी तो घाईने दुसऱ्या हाताने दाबून धरला.

“हे त्यांनी पाहावं असं तुला वाटतं का?” ते हळूच म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. “जास्त नको. नखाएवढी ओढ. विहिरीच्या अलीकडे थांब. मी साहेबांना सांगतो, पुढची उद्या.”

नकाशावर विहीर म्हणजे निळा ठिपका होता, तिळाएवढा. म्हाळसाने पट्टी लावली. नखाएवढीच, असं ठरवून तिने लेखणी टेकवली.

हात उचलू नकोस, म्हाळू.

तिला थांबायचं होतं. पण तिच्या हाताला थांबणं कुणी शिकवलंच नव्हतं. लहानपणापासून त्याने एकच गोष्ट केली होती, टोकाला जायचं, आणि टोक अजून आलं नव्हतं. रेघ ठिपक्यावरून गेली. ठिपका काळा झाला. रेघ पुढे डोंगर चढली, खिंडीत शिरली, आणि खिंडीच्या मधोमध पलीकडून येणाऱ्या जांभळ्या रेघेला जाऊन टेकली. तिथे लेखणी अडली. लेखणीच्या टोकातून म्हाळसाला स्पष्ट ऐकू आलं, पलीकडे कुणीतरी इतका वेळ रोखलेला श्वास सोडला. बाईमाणसाचा श्वास होता तो.

मग तिनेही सोडला.

पंतांनी कागद उचलला. ओसरीवर साहेबांनी टोपी उडवली. शिपायांनी जयजयकार केला.

म्हाळसा आता घर वाढेल म्हणून वाट बघत बसली. घर वाढलं नाही. तुळस आपण होऊन दाराशी आली. देवघर चुलीला येऊन टेकलं. भिंती इतक्या जवळ आल्या की बसल्या जागी तिचा एक खांदा देवाला आणि दुसरा दाराला लागला. घरातलं सगळं अंतर निघून गेलं होतं. परसातलंही. सगळंच्या सगळं एकाच जागी गेलं होतं, आणि कुठे, ते तिला कुणी सांगायला नको होतं.

तिने पेटी उघडली. लग्नातला शालू, आईची इरकली, दोन रोजची लुगडी, एक सणाचं, एक सोवळ्याचं. सगळी काढून तिने काखेत घेतली. घागर घेतली. वाडगा घेतला. दाराबाहेर एक पाऊल टाकलं तोच विहीर पुढ्यात होती.

बकऱ्या काठाभोवती गोल उभ्या होत्या आणि खाली बघत होत्या. दोर खांबापासून सरळ खाली गेला होता. तिने तो उचलला. त्याला वजन नव्हतं.

“ग्रानाज!”

हाक खाली गेली. म्हाळसाने शालूचा पदर इरकलीच्या पदराला बांधला, इरकली रोजच्या लुगड्याला बांधली, गाठी दातांनी ओढल्या, आणि तोवर उत्तर वर आलं.

“दोर आणलास?”

“रेघ ओढली मी.” म्हाळसाचा आवाज मुळातच बारीक, तो तिने जेवढा जमेल तेवढा मोठा केला. “माझ्याकडून हात उचलला गेला नाही.”

म्हाळसाने उरलेली लुगडी एकाला एक बांधली. मग आलं, “ते कळलंच. मी उभीच आहे, पण तळ खाली निघून गेलाय. इथे झरा नाही, काही नाही. तहान लागलीय गं, पंडताणी.”

म्हाळसाने घागर कलती केली आणि वाडगा भरला. तो हातात धरून ती क्षणभर थांबली. आज तिने अजून कुणाला पाणी पाजलं नव्हतं. आईचा आवाज येईल म्हणून तिने वाट पाहिली. तो आला नाही. तिने वाडगा तोंडाला लावला आणि सगळा प्यायली. लाकडाला बकरीच्या दुधाचा वास होता.

मग तिने तो पुन्हा भरला, शालूच्या टोकात चहूबाजूंनी बांधला, लुगड्यांचं दुसरं टोक वर ओढून घेतलेल्या काळ्या दोराच्या टोकाला गाठवलं आणि दोर खांबावरून सोडला. शालू गेला, जरीचे काठ उन्हात एकदा चमकले आणि विझले. इरकली गेली. सणाचं गेलं. सोवळ्याचं गेलं. वाडगा एवढा खाली जात होता, पण पाणी सांडल्याचा आवाज नव्हता. तिचा हात पक्का होता. तेवढं तरी त्याने केलं.

दोर संपला. गाठ खांबाला येऊन थांबली.

“दिसतो का?” तिने विचारलं.

तिच्या मागे पावलं वाजली. मोजणीच्या साखळ्या घेतलेले खलाशी, शिपाई, मोठे साहेब आणि त्यांच्या बाजूला नरहरपंत, सगळे रेघ जिथून जाते ती जागा पाहायला आले होते. ते विहिरीपाशी येऊन थांबले. साहेबांनी काठीने जमिनीवर खूण केली.

“इथे स्टेशन होईल,” ते म्हणाले. “हिचं नाव काय?”

त्यांना जागेचं विचारायचं होतं. तेवढ्यात खालून आवाज आला, बारीक आणि शांत.

“दिसतो. अजून खाली.”

म्हाळसाने पंतांकडे पाहिलं. चारचौघांत तिने त्यांच्याकडे कधी असं सरळ पाहिलं नव्हतं. त्यांच्या डोक्यावर पागोटं होतं, लाल, नीट बांधलेलं. सोडलं तर कितीतरी हात लांब झालं असतं.

“इकडचं पागोटं,” ती म्हणाली.

पंतांनी दोन्ही हात वर नेले आणि पागोट्यावर ठेवले. उजवा हात आता सगळ्यांना दिसत होता. पागोटं सोडायला नेले की धरून ठेवायला, ते कळत नव्हतं. हात तिथेच राहिले, आणि थरथरत राहिले.

“अजून,” विहीर म्हणाली.

म्हाळसाने दोराची गाठ डाव्या मुठीत घट्ट धरली. कुणाकडेही न बघता तिने उजवा हात मागे नेला आणि नेसत्या लुगड्याच्या कासोट्याला घातला.